आपले कर्म आणि दुसऱ्याचे दुःख

त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांच्या समाधीपुढे पौष वद्य एकादशीला यात्रा भरते, हे वारकऱ्यांस सांगावयास नको. आषाढीची वारी पावसाची, तशी ही थंडीची. निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी या बाजूंच्या दिंड्या नाशिकास येतात, रामकुंडावर स्नान करतात आणि सातपूर, महिरावणी, अंजनेरी असा रस्ता धरून त्र्यंबकास जातात. अंतर काही फार नाही, तीसेक किलोमीटर. परंतु भजनात चालणाऱ्याला त्या वाटेवर पुष्कळ काही मिळते. आम्हांस मात्र २०२४ सालच्या वारीत त्या वाटेवर एक चपराक मिळाली. ती आमच्या हिताची होती, म्हणून आज वाचकांपुढे मांडतो.

दिंडीत निफाडकडचा एक तरुण द्राक्षबागाईतदार होता. वय असेल तिशी-पस्तिशीचे. गळ्यात टाळ होते, पण टाळ वाजत नव्हते. सगळे भजनात रंगलेले आणि हा मान खाली घालून चालत होता. महिरावणीच्या पुढे विसावा झाला, चहा आला, तेव्हा आम्ही त्याला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "का रे बाबा, प्रकृती बरी नाही का?" मग त्याने सांगितले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस निफाड तालुक्यात जी गारपीट झाली, तीत त्याची दीड एकराची बाग गेली होती. गोडी छाटणी होऊन घड लागलेले, औषधे फवारून झालेली, आणि अर्ध्या तासात घड, पाने, काड्या सगळे जमिनीवर. मांडवाचे डांबही काही ठिकाणी पडले. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते ते तसेच राहिले.

आम्ही कीर्तन करणारी माणसे. आमच्या तोंडी उत्तर तयारच असते. आम्ही म्हणालो, "बाबा रे, भोग आहे. पूर्वकर्म कुणाला चुकले आहे? भोगूनच संपवायचे. तू आपले नाम घे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "महाराज, रागावू नका, एक विचारतो. रस्त्याच्या अलीकडं माझी बाग गेली. पलीकडं चुलत्याची बाग राहिली. मंग पाप काय रस्ता पाहून येतं का? अन् माझी धाकटी पोर तीन वर्षांची. दूधवाल्याचे पैसे द्यायला नाही म्हणून तिचं दूध बंद केलं. तिनं काय केलं होतं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस वाद घालता आला असता. त्याने खरोखर उत्तर मागितले होते, आणि आमच्याजवळ ते नव्हते. इतक्यात विणेकऱ्यांनी भजन धरले, दिंडी उठली, आणि आम्हीही उठलो. खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. पुढे अंजनेरीपर्यंत आम्ही टाळ वाजवीत होतो, पण चित्त त्या प्रश्नात अडकले होते. आम्ही जे बोललो ते शास्त्राला सोडून होते काय? आणि सोडून नव्हते, तर मग ते बोलल्याबद्दल आमचे मन आम्हांस का खात होते?

शास्त्र काय सांगते ते आधी पाहू. आपल्याकडे कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. घरातल्या कणगीचा दृष्टान्त घेतला तर हे लगेच समजते. कणगीत पूर्वीपासून साठलेले धान्य ते संचित. त्यातून काढून दळले आणि आजच्या भाकरीला लावले ते प्रारब्ध. ते आता परत कणगीत जाणार नाही, खावेच लागणार. आणि आज वावरात जे पेरीत आहोत ते क्रियमाण. पहिल्याचा पसारा आपल्याला दिसत नाही, दुसरे सोडता येत नाही, तिसरे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

योगशास्त्राचे म्हणणेही याला धरूनच आहे, पण ते आणखी खोल जाते. पतंजलींनी कर्माचे मूळ क्लेशांत दाखविले आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे ते पाच क्लेश. अभिनिवेश म्हणजे देहाला चिकटून राहण्याची ओढ. जोवर ही मुळे चित्तात आहेत तोवर कर्माला फळ येतच राहते, आणि ते फळ तीन रूपांनी येते: कोणता जन्म मिळाला, किती आयुष्य मिळाले आणि कोणते भोग वाट्याला आले. सामान्य माणसाचे कर्म काळे, पांढरे किंवा मिसळलेले असते. योग्याचे कर्म काळेही नसते आणि पांढरेही नसते, कारण त्याला फळाची आस राहिलेली नसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला जो कर्मयोग सांगितला त्याचाही रोख हाच. कर्म टाकू नये, कर्मावरची आपली मालकी टाकावी.

म्हणजे आम्ही त्या शेतकऱ्याला जे बोललो त्याला ग्रंथाचा आधार नाही असे नाही. पण एक गोष्ट आमच्या ध्यानातून सुटली होती. हे शास्त्र कोणी, कोणाविषयी वापरायचे?

पतंजलींचा सगळा रोख साधकाकडे आहे. वैद्य जसा रोग, रोगाचे कारण, रोगमुक्ती आणि औषध या क्रमाने जातो, तसेच ते दुःखाविषयी बोलतात. आणि तेथे ते एक फार व्यवहाराची गोष्ट सांगतात. जे दुःख भोगून झाले ते गेले, जे भोगणे चालू आहे ते चालू आहे. टाळायचे आहे ते अजून न आलेले दुःख. म्हणजे कर्माचा विचार मागच्या वह्या उकरण्यासाठी नाही, उद्याची पेरणी सुधारण्यासाठी आहे. आणि पेरणी ज्याची त्याने आपल्या वावरात करावयाची असते. दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून 'तू मागच्या जन्मी काय पेरले होतेस ते आम्हांस ठाऊक आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सूत्राने कोणाला दिलेला नाही.

मग दुसऱ्याच्या दुःखाविषयी योगशास्त्र काही सांगते की नाही? सांगते, आणि अगदी स्पष्ट सांगते. पहिल्याच पादात चित्त प्रसन्न कसे राहील याचा उपाय आहे. सुखी माणसाविषयी मैत्री ठेवावी, दुःखी माणसाविषयी करुणा ठेवावी, पुण्यवंताविषयी आनंद मानावा, आणि पाप करणाऱ्याची उपेक्षा करावी. वाचकहो, येथे जरा थांबून पाहा. कर्माचा सिद्धान्त ज्यांनी इतका बारकाईने मांडला, त्या पतंजलींना दुःख हे कर्माचे फळ आहे हे माहीत नव्हते काय? चांगले माहीत होते. तरीही दुःखी माणूस समोर आला असता त्याचे कर्म शोधावे असे ते म्हणत नाहीत, करुणा ठेवावी असे म्हणतात. दुःखी आणि पापी हे त्यांनी दोन वेगळे ठेवले आहेत. आम्ही महिरावणीच्या विसाव्यावर ते दोघे एक करून टाकले, आणि तेथेच चुकलो.

गीतेतही भगवंत म्हणतात की कर्माची गती गहन आहे. जी गती गहन आहे असे प्रत्यक्ष भगवंत सांगतात, ती चहाच्या एका घोटाबरोबर आम्ही त्या तरुणाला उलगडून दाखविली! याला ज्ञान म्हणत नाहीत. खरे पाहिले तर ती आमची पळवाट होती. त्याचे दुःख आम्हांस जड झाले, म्हणून आम्ही त्यावर एक मोठा शब्द ठेवला आणि मोकळे झालो. 'पेरावे तसे उगवते' असे आपण शेतकऱ्यालाच जाऊन सांगतो. अहो, त्याने पेरले होते ते उगवलेच होते. ते गारांनी नेले.

या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने आम्ही चाललो होतो त्या वाटेच्या शेवटीच, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, फार जुन्या काळापासून उभे आहे. गौतम ऋषींची कथा आपल्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दुष्काळ पडला, तेव्हा गौतमांनी तपाने पाणी मिळविले, भात पिकविला आणि आश्रयाला आलेल्या सर्वांना जगविले. पुढे त्याच आश्रितांच्या मनात मत्सर शिरला. एक मायावी गाय भाताच्या शेतात सोडली गेली. गौतमांनी तिला हाकण्यासाठी दर्भाची काडी उगारली आणि गाय मेली. ज्यांना जगविले त्यांनीच गोहत्येचा दोष लावून त्यांना बाहेर काढले. आता दोष लादलेला होता, कपट दुसऱ्यांचे होते. गौतमांना 'हे माझे कर्म नव्हे, त्यांचे आहे' असे म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. गाय माझ्या हातून गेली, तेव्हा शोधन माझे व्हावे, असे म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घातल्या, शिवाची आराधना केली आणि गंगा मागितली. ती आली, कुशावर्तावर थांबली आणि गोदावरी होऊन वाहू लागली. पुराणात पुढे असेही आहे की शिव म्हणाले, तू निर्दोष आहेस, दोषी ते आहेत. त्यावर गौतमांनी त्यांच्या शिक्षेची मागणी केली नाही. त्यांच्यामुळेच मला आपले दर्शन घडले, असे म्हणून त्यांचा उपकारच मानला.

या कथेत कर्म आणि धर्म यांचे नाते जितके स्वच्छ दिसते तितके आम्हांस दुसरीकडे क्वचितच दिसले. गौतमांनी कर्माचा हिशेब स्वतःपुरता ठेवला आणि फळ सगळ्यांना दिले. गोदावरी त्र्यंबकाहून निघते ती आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत कोणाच्याही पूर्वजन्माची चौकशी करीत नाही. घाटावर जो उतरेल त्याला पाणी मिळते.

आता त्याच ब्रह्मगिरीवरची दुसरी कथा घेऊ. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, आणि निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार मुले झाली. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना वाळीत टाकले. मुलांची मुंज होईना. कुटुंब त्र्यंबकेश्वरी येऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रात्री वाघाच्या भयाने पांगापांग झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, अशी आपली परंपरा सांगते. तेथे त्यांना नाथपंथाची दीक्षा मिळाली. पुढे आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि तरीही शुद्धिपत्रासाठी या पोरांना पैठणापर्यंत पायपीट करावी लागली. ज्यांनी निवाडा दिला त्यांच्याजवळ ग्रंथाधार नव्हता असे कोण म्हणेल? ग्रंथ होता, वचने होती. चार पोरे उन्हात उभी आहेत, एवढेच त्यांना दिसत नव्हते.

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशा परंपरेने आलेली योगाची गुप्त ठेव त्या गुहेत निवृत्तिनाथांच्या हाती आली. ती त्यांनी गुहेतच का ठेवली नाही? याचे उत्तर ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, जेथे गुरुपरंपरा सांगितली आहे, तेथे सापडते. कलीने जिवांना ग्रासलेले पाहून, त्यांना सोडविण्यास धाव, अशी आज्ञा गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना केली, असा त्याचा भाव आहे. जीव ग्रासलेले आहेत ते त्यांच्या कर्माने की कलीने, याचा ऊहापोह गुरूंनी केला नाही. दुःखात आहेत, तेव्हा धाव, एवढेच सांगितले. त्या आज्ञेतूनच शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. आपल्या संप्रदायाचा उगमच असा करुणेत आहे. ज्यांना समाजाने 'तुमचे कर्म' म्हणून दाराबाहेर उभे केले, त्यांनीच पुढे सगळ्या जगासाठी मागणे मागितले. आणि त्या मागण्यात दुष्टांचा नाश व्हावा असे नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे आहे.

येथपर्यंतच्या गोष्टी जुन्या म्हणून आपण सुखाने ऐकतो. पण नाशिककरांना आपल्याच गावातली एक अलीकडची गोष्टही आठवली पाहिजे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. ते याच जिल्ह्यातले. मागणे काय होते? रामाचे दर्शन. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली, दार मात्र उघडले नाही. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, तरी दार बंदच राहिले. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ साली नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली.

दार बंद ठेवणारे लोक दुष्टच होते असे म्हणून सुटता येत नाही. त्यांत नेमाने पूजा करणारे, एकादशी पाळणारे पुष्कळ होते. त्यांच्या मनात एक तर्क घट्ट बसला होता: जन्म कर्माने मिळतो, तेव्हा हलका मानलेला जन्म ज्याला मिळाला त्याने तो भोगावा, आपण दार उघडणे म्हणजे कर्माच्या न्यायात ढवळाढवळ करणे. आम्ही महिरावणीस जे वाक्य बोललो, त्याचेच हे मोठे रूप नव्हे काय? एका ठिकाणी त्याने एक शेतकरी गप्प बसला, दुसऱ्या ठिकाणी त्याने लाखो माणसांना रामापासून तोडले. आणि योगशास्त्राची यात किती विटंबना झाली पाहा. जन्म हे कर्माचे फळ, असे म्हणणाऱ्या पतंजलींनीच अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह या पाच यमांना महाव्रत म्हटले आहे, आणि महाव्रत केव्हा? जात, देश, काळ आणि प्रसंग यांची मर्यादा त्यांना उरत नाही तेव्हा. अमक्या जातीला दुखवणार नाही, तमक्याला चालेल, अशी अहिंसा महाव्रत होत नाही. एका ग्रंथातले एक वाक्य घेतले आणि दुसरे टाकले, की शास्त्राचे शस्त्र व्हायला वेळ लागत नाही.

याच्या उलट बाजूची साक्षही आपल्याजवळ आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' हा ग्रंथ वाचावयास मिळतो. कर्म, विकर्म, अकर्म यांचा तो सगळा विचार गुरुजींच्या लेखणीतून गेलेला होता. आणि त्याच गुरुजींनी पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरीस पांडुरंगाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले. दहा दिवस ते अन्नावाचून राहिले. वारकऱ्यांतही तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे होती, हे आपण लपवू नये. मंदिर उघडले. ज्या चोखोबांना जिवंतपणी पायरीच्या बाहेर राहावे लागले, त्यांच्या लेकरांना विठोबाच्या पायांवर डोके ठेवता आले. कर्मयोग लिहून घेणे आणि कर्मयोग करणे यांत अंतर किती ते गुरुजींनी पोटाला चिमटा घेऊन दाखविले.

चोखोबांच्या अखेरीचीही कथा येथे आठवते. मंगळवेढ्यास वेठीचे काम करीत असता भिंत कोसळून ते मजुरांबरोबर खाली गाडले गेले. नामदेवराय तेथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता ती त्यांनी ओळखून घेतली आणि पंढरीस महाद्वारापुढे समाधी दिली. 'भिंतीखाली सापडण्याचे कर्म होते' असे म्हणून नामदेवराय घरी बसले नाहीत. ते उठून गेले, आणि म्हणूनच महाद्वारी चोखोबांची समाधी आज आपण पाहतो.

कोणी विचारील, मग कर्मसिद्धान्त सोडून द्यावा काय? मुळीच नाही. तो आपल्या दुःखाविषयी फार उपयोगी आहे. आपल्यावर संकट आले असता 'अमक्याने केले, तमक्याने केले' असा द्वेष मनात साठू लागतो. त्या वेळी 'हे माझे देणे आहे, फिटते आहे' असे जो म्हणू शकतो, त्याचे चित्त हलके होते. तो दुसऱ्याला शाप देत बसत नाही, उद्याच्या पेरणीला लागतो. तुकोबांनी दुष्काळात घरची माणसे गमावली, दिवाळे निघाले. त्यांनी दैवाला किंवा जगाला दोष देत आयुष्य काढले नाही, त्या दुःखालाच परमार्थाची वाट केली. पण हे ज्याने त्याने स्वतःला म्हणायचे आहे, आणि तेही बळ असेल तेव्हा. दुःखात बुडालेल्या माणसाला वरून 'हे तुझेच पाप' म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय. आपल्या महाराष्ट्रात कर्जाखाली दबलेल्या किती शेतकऱ्यांनी जीव दिले ते सर्वांना ठाऊक आहे. एखाद्याच्या मनात तसला विचार घोळत असताना आपले हे वाक्य त्याच्या कानी पडले तर? आम्हांस त्या रात्री त्र्यंबकात झोप आली नाही ती याच विचाराने.

दुसरा कोणी म्हणेल, जो खरोखर वाईट वागला आणि त्याचे फळ भोगतो आहे त्याचे काय? दारूपायी घर बुडविलेला माणूस दारात आला तर? तेथेही पतंजलींचा विवेक कामाला येतो. त्याच्या पापाची उपेक्षा करावी, म्हणजे त्याला साथ देऊ नये आणि त्याचा द्वेषही करू नये. पण तो उपाशी आहे, आजारी आहे, तेवढ्यापुरता तो दुःखी आहे, आणि दुःखी माणसाला करुणाच द्यायची आहे. दारूला पैसे देऊ नयेत, पण भाकरी नाकारू नये. त्याच्या बायकापोरांनी तर काहीच केलेले नसते.

आपल्या बोलीभाषेकडे पाहिले तरी हे सगळे तिच्यात साठवलेले आढळते. बाई कपाळाला हात लावून म्हणते, "कर्म माझं!" कर्म 'माझं' म्हणायचे असते. आणि दारात आलेला मागतकरी म्हणतो, "धर्म करा, माय!" धर्म 'करा' असे म्हणतो, तुमचे कर्म कसे आहे ते सांगा असे म्हणत नाही. म्हणजे कर्म आपल्यापाशी पाहायचे आणि धर्म दुसऱ्यासाठी करायचा, ही वाटणी आपल्या अडाणी म्हटलेल्या आयाबायांनी शास्त्रे न वाचता केलेली आहे. आम्ही ग्रंथ वाचणाऱ्यांनी ती उलटी केली. धर्म आपल्यापाशी ठेवला आणि कर्म दुसऱ्याच्या गळ्यात घातले.

'धर्म करता कर्म उभे राहते' अशीही एक म्हण आहे. कोणाच्या मदतीला जाण्यापूर्वी आपण ती हळूच आठवतो. मदत केली आणि पैसे बुडाले, साक्ष दिली आणि कोर्टाचे खेटे घडले, असे अनुभव येतात, खोटे नाही. पण वारकऱ्याने तिचा अर्थ जरा निराळा करून पाहावा. धर्म करू गेले की काम उभे राहणारच, कष्ट पडणारच. तेच आपले क्रियमाण. कणगीत नवे धान्य पडावयाचे ते त्याच मार्गाने. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. झाडू हातात घेतला की कर्म उभे राहते. त्यांनी ते आयुष्यभर उभे राहू दिले, आणि म्हणूनच तीर्थक्षेत्री गोरगरीब यात्रेकरूंस धर्मशाळांचे छप्पर मिळाले.

असो. त्या वारीत द्वादशीला पारणे सोडल्यावर आम्ही त्या तरुणाला गाठले आणि म्हणालो, "बाबा, परवा जे बोललो ते चुकले. तुझ्या पोरीने काही केले नव्हते, आणि तुझ्या बागेचे कारण मला माहीत नाही." तो ओशाळला, पाया पडू लागला. त्याचे गाव कोणते ते विचारून घेतले. पुढे चैत्रात खरड छाटणीच्या वेळी दिंडीतले आठ जण त्याच्या वावरात गेले. पैसे देणे आमच्या आवाक्यात नव्हते, आणि त्याने घेतलेही नसते. सावडीने काम करू, तुझी पाळी येईल तेव्हा तूही ये, असे ठरले म्हणजे कोणाच्याच मनाला लागत नाही. पडलेले डांब उभे केले, तारा ओढल्या, दोन दिवसांत छाटणी उरकली. दिंडीतल्या एका माउलीच्या घरी दोन गायी आहेत. तिने बागेला नवे फळ येईपर्यंत पोरीला रोज अर्धा शेर दूध धाडले.

यात आम्ही मोठे काही केले असे नाही. आठ माणसांचे दोन दिवस आणि थोडे दूध, याहून जास्त तेथे काही लागले नाही. कर्ज त्याचे त्यालाच फेडावयाचे आहे, आणि गारा पुन्हा पडणार नाहीत असेही कोणी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम आटोपल्यावर बांधावर हरिपाठ झाला, तेव्हा त्याच्या हातात टाळ होते आणि ते वाजत होते. हरिपाठ संपला. निघताना तो म्हणाला, "महाराज, त्या दिवशी तुम्ही कर्माचं काय सांगत होता, ते आता सांगा. आता ऐकतो."

आम्ही सांगितले नाही. पोर दूध पीत अंगणात बसली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरविला आणि वाटेला लागलो.

वारकरी बंधुभगिनींनो, पुढच्या वारीत तुमच्याही शेजारी कोणी मुक्या टाळांनी चालत असेल. त्याला काही सांगण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्या. आपल्याला दुःख झाले तर कर्म म्हणून सोसावे, दुसऱ्याला झाले तर आपला धर्म म्हणून उठावे. एवढे एक ध्यानात राहिले तरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे केलेला नमस्कार त्यांच्यापर्यंत पोहोचला असे आम्ही समजू.

रामकृष्णहरी.